सत्तावीस गुंजांची गोळी

काही शब्द नुसते वर्णन करीत नाहीत, निकालच देऊन मोकळे होतात. 'उपद्रवी' हा त्यांतला एक. एखाद्या प्राण्याला वाघ म्हटले, ससा म्हटले, तर त्याचे काय करायचे हा प्रश्न शिल्लक राहतो. उपद्रवी म्हटले की तो उरत नाही. इंग्रजीत यासाठी 'व्हर्मिन' असा शब्द आहे. त्याचे मूळ लॅटिन भाषेतल्या किड्याच्या नावात आहे. अमेरिकेच्या ग्रामीण बोलीत त्याचाच उच्चार 'व्हार्मिंट' असा झाला आणि तिथल्या बंदुकांच्या दुकानांत 'व्हार्मिंट रायफल' नावाची एक वेगळी जातच तयार झाली. लहान तोंडाची, वजनदार नळीची, दूरवर अचूक मारा करणारी ही रायफल. तिने हरीण मारायचे नसते, माणूस तर नाहीच. मारायचे ते फक्त 'व्हार्मिंट'.

हे ज्ञान मला माझ्या भाच्याकडून मिळाले. तो गेली अठरा वर्षे अमेरिकेत साऊथ डाकोटा राज्यात असतो आणि आता तिथलाच नागरिक आहे. तो राहतो त्या घरामागे एका वृद्ध शेजाऱ्याची गुरांची कुरणे मैलोगणती पसरलेली आहेत. या कुरणांत 'प्रेअरी डॉग' नावाच्या प्राण्यांची वस्ती आहे. नावात कुत्रा असला तरी हा खारीच्या कुळातला. वजन किलोभर, रंग मातीसारखा. जमिनीत बिळे करून शेकडोंच्या संख्येने राहतो. कुरण उजाड होऊ लागले तशी शेजाऱ्याने भाच्याला गळ घातली, "यंदा तू मदत कर." भाच्याने रायफल घ्यायचे ठरवले आणि मला लांबलचक पत्र लिहिले. कोणते काडतूस निवडावे याची त्यात पाच पाने होती. सहाव्या पानावर एकच वाक्य होते : "मामा, आईला तुम्हीच सांगा."

मी शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. खडू आणि लेखणी यांपलीकडे कोणतेही शस्त्र मी हाताळलेले नाही. पण ती पाच पाने मी तीनदा वाचली. पाप-पुण्याचा सारा प्रश्न या माणसाने यंत्राच्या भाषेत मांडला आहे, असे मला वाटले. त्याला स्वतःला त्याची जाणीव होती की नाही, कोण जाणे.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर बंदुकीची दारू वाढतो आहे याबद्दल राग मानू नका. फटाक्यांच्या दिवसांत ती इतकी परकी नाही.

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात ठोक्याने पेटणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की दारू जळते, गोळी जाते, टोपी निकामी होते. पितळ तेवढे शिल्लक राहते. त्याच पुंगळीला साच्यात दाबून मूळ आकार द्यायचा, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर नवी गोळी चेपायची. अशी एक पुंगळी अनेकदा वापरता येते. तिकडे हजारो लोक आपल्या घरातल्या टेबलावर हे काम करतात. पैसा वाचतो हे एक कारण. शिवाय आपल्या रायफलीला नेमकी किती दारू मानवते हे शोधून काढता येते, हे त्याहून मोठे कारण. साध्या 'बावीस'च्या लहान काडतुसात पेटणारे द्रव्य बुडाच्या काठातच भरलेले असते. तो काठ एकदा चेपला की पुंगळी फेकूनच द्यावी लागते. म्हणून भाच्याने ती जात पहिल्या पानावरच बाद केली.

हा सारा तोल 'ग्रेन' या मापात चालतो. ते वाचताना मला माझ्या लहानपणचा सोनार आठवला. जुन्या इंग्रजी हिशेबात तोळा १८० ग्रेनचा धरलेला होता आणि आपल्या तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे भाच्याच्या पसंतीची ५० ग्रेनची गोळी सत्तावीस गुंजांना थोडी कमी. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांत याहून अधिक सोने असते. एवढ्याशा धातूने दोनशे पावलांवरचा जीव क्षणात जातो, कारण तो धातू सेकंदाला साडेनऊशे मीटरच्या वेगाने जातो. हा वेग आवाजाच्या जवळजवळ पावणेतीनपट. ज्याला गोळी लागते त्याला बार ऐकू येत नाही.

आता निवड. सर्वांत जुने 'बावीस हॉर्नेट', १९३० सालचे. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी. आवाज कमी, दारू थोडी, पण दीडशे यार्डांपलीकडे त्याचा भरवसा धरवत नाही. १९३५ साली विंचेस्टर कंपनीने 'दोनशेवीस स्विफ्ट' आणले. त्याची ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला ४,११० फूट जाई. त्या काळी हा चमत्कारच होता, पण एवढ्या आगीने नळी लवकर झिजते अशी त्याची ख्याती झाली. १९५० साली रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर यांनी '.२२२' तयार केले. लोक त्याला 'ट्रिपल टू' म्हणतात. हे मध्यम वेगाचे, सौम्य धक्क्याचे, आणि इतके अचूक की नेमबाजीच्या स्पर्धांत पुढची वीस-एक वर्षे त्याचाच दबदबा राहिला. मग '.२२-२५०'. हौशी लोकांनी घरी घडवलेले हे काडतूस १९६५ साली कंपनीने आपलेसे केले. याला ट्रिपल टूच्या दीडपटीहून अधिक दारू लागते, पण ते साडेतीनशे यार्डांपर्यंत सहज पोहोचते. १९७१ सालचे 'सतरा रेमिंग्टन' तर अवघ्या २५ ग्रेनची, म्हणजे तेरा-चौदा गुंजांची गोळी फेकते. २००४ साली '.२०४ रुगर' आले. यादी इथे थांबत नाही. मी थांबतो.

वरवर पाहता ही सगळी तांत्रिक बाब. पण नीट पाहिले तर भाचा दोनच प्रश्न विचारत होता : जीव किती खात्रीने जावा, आणि तो जात असताना आपण किती दूर असावे?

पहिल्या प्रश्नात दया आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. कमी ताकदीची गोळी लांबून मारली तर प्राणी जखमी होऊन बिळात जातो आणि आत तडफडत राहतो. पातळ कवचाची वेगवान गोळी लागताच फुटते. मरणाला अवधी लागत नाही, आणि खडकावर आदळून ती भलतीकडे उसळण्याची भीतीही कमी. शिकारी लोक 'स्वच्छ मरण' म्हणतात ते हेच. हा शब्द मला खटकतो, पण त्यामागची चिंता खोटी नाही.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला अस्वस्थ केले. दीडशे यार्डांवर दुर्बिणीतून त्या प्राण्याचे वागणे दिसते. प्रेअरी डॉग मागच्या पायांवर उभा राहून पहारा करतो, घार दिसली की ओरडून वस्तीला सावध करतो, आपले माणूस भेटले की तोंडाला तोंड लावतो. साडेतीनशे यार्डांवर तो फक्त एक उभी रेघ असतो. वेग वाढला की अंतर वाढते, आणि अंतर वाढले की प्राण्याचे लक्ष्य होते.

आपल्याकडे द्रोणाचार्यांच्या परीक्षेची गोष्ट घरोघर सांगतात. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, फक्त पक्ष्याचा डोळा दिसतो असे अर्जुन म्हणाला आणि उत्तीर्ण झाला. एकाग्रतेचा धडा म्हणून ती सांगायची आमची रीत आहे. एकदा वर्गात एका मुलीने विचारले, "गुरुजी, मग पक्ष्याचं काय झालं?" मी तिला सांगितले ते महाभारतात लिहिलेले आहे, पण क्रमिक पुस्तकांतून बहुधा गळते. तो पक्षी कारागिरांकडून करवून घेतलेला, कृत्रिम होता. खऱ्या पक्ष्यावर ही परीक्षा आचार्यांनी घेतली नाही. फक्त डोळा दिसणे ही विद्या आहे, पण ती शिकायला जिवंत पाखरू लागत नाही, एवढे तरी द्रोणांना ठाऊक होते.

आता त्या 'उपद्रवी' शब्दाकडे परत वळू. तो ठरवतो कोण? इंग्लंडात १५६६ साली धान्यरक्षणाच्या नावाने एक कायदा झाला. उपद्रवी प्राण्याचे मुंडके आणून दिले की गावच्या चर्चच्या कारभाऱ्यांनी बक्षीस द्यायचे. यादीत कावळा होता, कोल्हा होता, आणि खंड्यासुद्धा होता. खंड्या मासे खातो. धान्याशी त्याचा संबंध काय, हे त्या यादीलाच माहीत! आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची पाचवी अनुसूचीही याच नावाची होती आणि तिच्यात कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर, घुशी यांची नावे होती. बाप गेल्यावर दहाव्या दिवशी ज्याच्या चोचीची वाट पाहत आपण उन्हात हात जोडून उभे राहतो, तो कावळा सरकारदफ्तरी पन्नास वर्षे उपद्रवी होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली. पण अधिसूचना काढून एखाद्या प्राण्याला ठरावीक जागी, ठरावीक मुदतीपुरते उपद्रवी ठरवण्याचा केंद्र सरकारचा अधिकार कायम आहे. २०१५-१६ मध्ये बिहारात नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकड यांच्याबाबत तसे झाले. म्हणजे नदीच्या अलीकडचे डुक्कर अपराधी, पलीकडचे निरपराध. आणि अलीकडचेही मुदत संपल्यावर निरपराध. हसू येते खरे. पण मला यात थोडा शहाणपणाही दिसतो. निदान या पद्धतीत उपद्रव हा प्राण्याचा जन्मसिद्ध गुण मानलेला नाही; तो एका जागेचा आणि एका हंगामाचा तंटा आहे.

प्रेअरी डॉगचा तंटाही तसाच आहे. शेजाऱ्याचे म्हणणे खोटे नाही. दुष्काळी वर्षी गवताच्या पात्यापात्यावर गुरांचे पोट असते, आणि हा प्राणी ते बुडापासून कुरतडतो. पण १८०४ साली लुईस आणि क्लार्क या प्रवाशांनी त्याची पहिली नोंद केली, त्यांतला एक जिवंत पकडून अध्यक्ष जेफर्सनकडे पाठवला, तेव्हा त्या माळावर गव्यांचे कळप आणि हे बिळवाले एकत्रच चरत होते. पुढे विसाव्या शतकात सरकारनेच विष घालून त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या संपवल्या. बिळात राहणारे एक घुबड आहे, ते त्यांच्याच सोडलेल्या बिळांत राहते. काळ्या पायांचे फेरेट नावाचे मुंगसासारखे जनावर तर त्यांच्यावरच जगते. ते नामशेष झाले असे सर्वांनी धरले होते. १९८१ साली वायोमिंगमध्ये एका घरच्या कुत्र्याने ते मारून आणले तेव्हा ते अजून आहे हे कळले. पुढे रोगराईने त्यांतलेही बहुतेक गेले आणि १९८७ पर्यंत पकडून सांभाळलेली अठराच उरली. उपद्रवी ठरवताना आपण एकाचे नाव लिहितो. त्याच्या भाडेकरूंची नावे त्या कागदावर नसतात.

एवढे सगळे लिहून मी भाच्याला "मारू नकोस" असे कळवले असेल, असा आपला समज झाला असेल. तसे मी कळवले नाही. त्याचे कारण माझ्या गावात आहे.

आमच्या कोकणात भात पोटरीला आले की रानडुकरे उतरतात. एका रात्रीत वर्षाची मेहनत लोळवून जातात. माकडांनी तर कित्येकांना परसात भाजी लावायचेच सोडायला लावले आहे. राखणीला माळ्यावर बसणाऱ्याकडे फार तर ठासणीची बंदूक असते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी तिचा वेगळा उल्लेख आहे. तिची दारू तोलून भरत नाहीत, अंदाजाने ठासतात. छरे लागलेले डुक्कर रानात जाऊन दोन-दोन दिवस मरत राहते. ज्याच्यापाशी तीही नाही तो तारेची फासकी लावतो. तिच्यात कधी डुक्कर सापडते, कधी बिबट्या, आणि सुटण्यासाठी जितके ओढावे तितकी तार मांसात रुतते. स्वच्छ मरणाला पैसे लागतात, आणि ते पैसे आमच्या राखणदारापाशी नाहीत. त्याच्या राखणीचा तांदूळ आम्ही खातो आणि अहिंसेवर निबंध लिहून घेतो. तेव्हा साऊथ डाकोटातल्या त्या म्हाताऱ्याला इथून उपदेश करायला माझी जीभ रेटेना.

अक्काला, म्हणजे भाच्याच्या आईला, मी हे सगळे सांगितले. ती वाती वळत होती. शांतपणे ऐकून म्हणाली, "ते सगळं खरं रे. जगात कुणीतरी मारणारच. पण माझ्या पोराच्या हातून का?"

यावर तर्कशास्त्रात उत्तर आहे. जे काम कुणीतरी करावेच लागते ते दुसऱ्याच्या हातून व्हावे अशी इच्छा करणे हे पुण्य नव्हे, सोवळे होय. मी ते तिला तसेच म्हणालो. ती म्हणाली, "असेल. पण त्याला करावंच लागतंय का, ते विचार आधी."

मी जे पाच पानांत शोधत होतो ते अक्काने वाती वळता वळता हातात दिले. राखणदार माळ्यावर बसतो तो डुक्कर येईल या भीतीने. न आले तर तो देवाचे आभार मानतो आणि झोपतो. पण ज्याने थंडीच्या रात्री बसून पाचशे काडतुसे दारू तोलतोलून भरली आहेत, त्याच्या कुरणात उन्हाळ्यात एकही प्रेअरी डॉग दिसला नाही तर तो काय करेल? मला भीती वाटते, तो दुसरे कुरण शोधेल. घरी काडतूस भरण्याच्या विद्येत काटकसर आहे, शिस्त आहे, एकेका ग्रेनची फिकीर आहे. चूक झाली तर नळी फुटून डोळा जाईल, म्हणून सावधपणा आहे. हे गुण मी माझ्या विद्यार्थ्यांत पाहिले तर आनंदाने नाचेन. पण हे सगळे गुण टेबलाच्या अलीकडचे आहेत. मारायचे की नाही, किती मारायचे, हे त्यांना विचारता येत नाही. उलट विद्या जितकी पक्की, तितकी ती वापरण्याची ओढ अधिक. आणि ती ओढच पुढे गरजेचे नाव घेते.

याचे एक मोठे उदाहरण त्या यादीतच आहे. बिळातल्या प्राण्यांसाठी १९५० साली घडवलेले तेच ट्रिपल टू. त्याचीच पुंगळी थोडी लांब करून १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन सैन्याच्या नव्या रायफलीसाठी काडतूस तयार झाले. दुकानात ते '.२२३' म्हणून मिळते, पलटणीत त्याला ५.५६ मिलिमीटर म्हणतात. व्हिएतनामच्या जंगलात ते माणसांवर चालले. आपल्या सैन्याची 'इन्सास' रायफलही त्याच मापाची, आणि आपल्या जळगाव जिल्ह्यात वरणगावच्या कारखान्यात या मापाची काडतुसे बनतात. सैनिकाला बंदूक लागते, याबद्दल माझा वाद नाही. पण 'व्हार्मिंट'साठी जे घडवले त्याला माणसापर्यंत पोहोचायला दहा-पंधरा वर्षे पुरली, हे वाचून मी बराच वेळ पुढचे पान उलटले नाही. शब्दाला तर तेवढीही लागत नाहीत. शत्रूला कीड म्हणायची चाल सगळ्या भाषांत आहे, आणि आपली भाषा त्याला अपवाद नाही.

भाच्याला मी शेवटी एक पान लिहिले. काडतुसाबद्दल मत दिले नाही. ती माझी विद्या नव्हे. एवढेच लिहिले की आधी शेजाऱ्याबरोबर कुरणात चालत जा, कोणता तुकडा खरोखर वाचवायचा आहे तो दोघे मिळून आखा, आणि त्या तुकड्याला किती काडतुसे लागतील ती मोज. नंतर दुकानात जा.

दोन महिन्यांनी त्याचे उत्तर आले. ते दोघे चालत गेले होते. गवत कापून साठवतात तो चाळीस एकरांचा तुकडा तेवढा राखायचा, असे ठरले. पलीकडच्या उतारावर घुबडे आहेत, तो उतार सोडायचा. म्हातारा आधी कुरकुरला, मग म्हणाला की त्या उतारावर तसेही गवत चांगले येत नाही. तुकडा एवढा लहान ठरल्यावर साडेतीनशे यार्डांची गरजच उरली नाही. त्याने कुणाची तरी जुनी, ट्रिपल टूची रायफल घेतली. पुंगळ्या फक्त पन्नास. अक्काला मी हे वाचून दाखवले. तिने पन्नास हा आकडा दोनदा विचारला आणि म्हणाली, "पुन्हा पुन्हा भरता येतात म्हणालास ना त्या?" मी गप्प बसलो. तिचा हिशेब बरोबर होता.

तिने फोनवर त्यालाही तेच विचारले. काय बोलणे झाले ते दोघांनीही मला सांगितलेले नाही.

सध्या त्याची पत्रे वेगळ्याच अडचणीबद्दल असतात. शिशाची गोळी मेलेल्या प्राण्यात फुटून तिचे कण राहतात. गरुड ते मांस खातात आणि शिशाने मरतात. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी बंदच केली आहे. साऊथ डाकोटात तशी सक्ती नाही, पण त्याला तांब्याची गोळी हवी आहे. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि जुन्या ट्रिपल टूच्या नळीतले आटे इतके सावकाश फिरतात की लांब गोळी हवेत सरळ राहत नाही, डगमगते. तेव्हा गोळी आणखी हलकी घ्यायला हवी, पस्तीस-चाळीस ग्रेनची, म्हणजे एकोणीस ते एकवीस गुंजांची. ती वाऱ्यात किती वाहते ते तो रविवारी कागदाच्या लक्ष्यावर मारून पाहतो आहे. डाकोटात वारा फार, त्यामुळे अजून जमलेले नाही, असे त्याने परवाच्या पत्रात लिहिले आहे. गवत तोपर्यंत गुडघ्याएवढे वाढले आहे.